तव्यावरचा गोड-खारट टोस्ट, आणि मीठ शेवटीच का टाकायचं

ब्रेड उरलाय, भूक लागलीय, गोड हवंय पण नुसतं गोड खाल्लं की दोन घासांत कंटाळा येतो, आणि नुसतं खारट खाल्लं की थोड्या वेळाने परत काहीतरी गोड शोधत फिरायला होतं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा टोस्ट आहे. एका बाजूला लसूण आणि मिरी, दुसऱ्या बाजूला साखरेचा पातळ, काचेसारखा कुरकुरीत थर, आणि त्या थरावर अगदी शेवटी मिठाचे मोजके दाणे. ओव्हन लागत नाही, पीठ भिजवायचं नाही, तवा आणि मंद आच एवढंच. वीस-पंचवीस मिनिटं धरा, त्यातला बराच वेळ तव्याजवळ उभं राहण्यात जातो, पण तेवढं उभं राहायला लागतंच.

कृतीच्या आधी एक गोष्ट सांगते कारण सगळा टोस्ट तिच्यावर उभा आहे. मी हा प्रकार सुरुवातीला करायचे तेव्हा सोपं पडतं म्हणून बटर, साखर, मीठ, लसूण सगळं एका वाटीत कालवून ब्रेडला लावायचे. दिसायला छान, वास पण छान, आणि चव मात्र धड गोड नाही धड खारट नाही, प्रत्येक घास अगदी सारखा, तिसऱ्या घासाला जिभेला काही कळेनासं व्हायचं. वर लसूण करपायचा कारण साखरेला जेवढी आच लागते तेवढी त्याला सोसत नाही. मग हळूहळू लक्षात आलं की गोड आणि खारट एकत्र कालवायचं नाही, दोन्ही वेगवेगळं ठेवायचं आणि तोंडात गेल्यावरच एकत्र होऊ द्यायचं. तेव्हापासून क्रम बदलला आणि टोस्टच बदलला.

चार स्लाइससाठी लागणारं सामान असं. साधारण ४० ग्रॅम बटर, म्हणजे प्रत्येक स्लाइसच्या दोन्ही बाजूंना एकेक चहाचा चमचा. साखर चार चहाचे चमचे, सपाट, शीग नको, एका स्लाइसला एक. लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या. अर्धा चमचा मिरपूड, ताजी कुटलेली असेल तर फारच छान. चिली फ्लेक्स आवडतील तेवढे, मी पाव चमचा घेते. आणि मीठ दोन-तीन चिमटी, पण शक्य असेल तर जाडसर दाण्याचं, बारीक पावडरसारखं नको, का ते पुढे सांगते. बटर खारट असेल तर बाकी कुठेही मीठ घालायचं नाही, फक्त शेवटचं वरून. बिनमिठाचं असेल तर लसणाच्या बाजूच्या बटरमध्ये एक छोटी चिमूट.

आता ब्रेड. ताजा, आजच आणलेला, मऊ लुसलुशीत ब्रेड यासाठी घेऊ नका. एक-दोन दिवसांचा घ्या. ताज्या ब्रेडमध्ये जवळपास ३५ ते ४० टक्के पाणी असतं आणि ते पाणी वाफ होऊन वर यायला लागलं की साखरेचा थर कुरकुरीत होतच नाही, चिकट राहतो. स्लाइस जरा जाड हवा, दीड ते दोन सेंटिमीटर, अख्खा ब्रेड मिळाला तर घरी कापा. पातळ स्लाइसचा टोस्ट होतो, होत नाही असं नाही, पण तो आतपर्यंत कडक होतो आणि मग चावताना वरचा काचेसारखा थर आणि आतला मऊपणा हा जो फरक आहे तोच राहत नाही. साधा पांढरा ब्रेड, गव्हाचा ब्रेड, दोन्ही चालतात. बियांचा किंवा फार मोठ्या भोकांचा ब्रेड मात्र टाळा, भोकांमधून साखर पलीकडे उतरते आणि तव्यावर पडून जळते.

शिळा ब्रेड कडक का होतो याबद्दल बऱ्याच जणांना वाटतं की तो सुकतो म्हणून. ते अर्धंच खरं आहे. १८५२ मध्ये बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ब्रेड हवाबंद ठेवून बघितला, म्हणजे पाणी बाहेर जायला वावच नाही, तरी तो शिळा झालाच. आणि तोच ब्रेड साधारण ६० डिग्रीपर्यंत गरम केला की परत मऊ पडला. कारण असं की ब्रेडमधला स्टार्च भाजताना फुगून सैल झालेला असतो, तो थंड झाल्यावर हळूहळू परत आखडून घट्ट बसतो, आणि गरम केलं की पुन्हा सैल होतो. म्हणून दोन दिवसांचा वातड वाटणारा स्लाइस तव्यावर ठेवला की आतून मऊ होतो आणि बाहेरून कुरकुरीत, दोन्ही एकाच वेळी. हे स्टार्चचं आखडणं फ्रीजच्या थंडीत सगळ्यात जोरात होतं, त्यामुळे ब्रेड फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर वातड होतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका, स्लाइस करून, आणि लागेल तसा काढा. एक मात्र आहे, शिळा वेगळा आणि बुरशी आलेला वेगळा. एका स्लाइसवर हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नका, मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे तंतू आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. अख्खं पाकीट टाकून द्या.

तवा जाड बुडाचा घ्या. पातळ तव्यावर मधोमध काळं आणि कडेला पांढरं असा टोस्ट होतो. नॉनस्टिक असेल तर पहिल्या वेळी सोपं जाईल, बिडाचा असेल तर आच अजून कमी ठेवा कारण तो एकदा तापला की लवकर निवत नाही. गॅस मंद करून तवा दोन-तीन मिनिटं तापू द्या आणि त्यावर कोरडे स्लाइस ठेवा, बटर नाही तेल नाही काही नाही. एका बाजूने दोन ते अडीच मिनिटं, मग उलटा, परत तेवढंच. रंग फार आणायचा नाहीये, फक्त वरचा पृष्ठभाग सुकवायचाय. हात फिरवून बघा, बारीक सँडपेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. ही पायरी गाळावीशी वाटते, थेट बटर लावून टाकावं असं वाटतं, पण कोरडं भाजलेल्या स्लाइसवर बटर वरच्या वर राहतं आणि न भाजलेल्यात ते स्पंजसारखं आत मुरतं, मग आत तेलकट आणि वर काहीच नाही.

आणि त्या खरखरीत पृष्ठभागाचा दुसरा फायदा लसणाला. पाकळी सोलून आडवी कापा आणि कापलेली बाजू गरम स्लाइसवर घासा, फक्त एकाच बाजूवर. ब्रेडची खरखर किसणीसारखं काम करते, पाच-सहा वेळा घासलं की पाकळी चक्क झिजलेली दिसते आणि ब्रेडवर ओलसर चमक येते. नाकाशी नेऊन बघा, लसणाचा वास भरपूर पण तुकडा एकही नाही, त्यामुळे करपायला काही उरतच नाही. अर्धी पाकळी एका स्लाइसला पुरते. ज्यांना लसूण फार आवडतो त्यांना वाटेल हे काय एवढंसं, पण खाऊन बघा, कच्च्या लसणाचा हा रस चांगला झणझणीत असतो.

त्याच बाजूवर आता मऊ झालेलं बटर लावा, चमचाभर, कडेपर्यंत. कडा सुटल्या की त्या कोरड्या राहतात आणि आधी करपतात. वरून मिरपूड आणि चिली फ्लेक्स भुरभुरा आणि बोटांनी हलकेच दाबा. ही बाजू खाली करून तव्यावर फक्त ४० ते ५० सेकंद. जास्त नाही. मिरी गरम बटरमध्ये पडली की तिचा वास एकदम वर येतो, तो आला की पुरे झालं. हे होत असताना वरच्या, अजून कोरड्या असलेल्या बाजूला बटर लावून घ्या, स्लाइस गरम असल्यामुळे पटकन पसरतं. मग गॅस बंद करा किंवा स्लाइस ताटात काढा, आणि साखर पसरा. साखर बारीक दाण्याची घ्या. मोठ्या दाण्याची असेल तर मिक्सरला एकच झटका द्या, पीठ होऊ देऊ नका. पिठीसाखर इथे जमत नाही, ती बटरमध्ये कालवली जाऊन पेस्ट होते आणि तो काचेसारखा थर नीट येत नाही. साखर घातल्यावर चमच्याच्या पाठीने दाबायची, आणि स्लाइस तिरका धरून चिकटलेली नाही ती साखर झटकून टाकायची. हे झटकणं विसरू नका, सुटी साखर तव्यावर पडली की तीच आधी काळी होते आणि तिचा कडवटपणा टोस्टला लागतो.

आता तवा परत मंद आचेवर, आणि साखरेची बाजू खाली. इथून पुढची तीन मिनिटं फोन बाजूला ठेवा.

साखर खाली असल्यामुळे दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. आधी बारीक चरचर होते. बटरमध्ये साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं, ते उडत असतं त्याचा हा आवाज. जोवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० डिग्रीच्या फारसं वर जात नाही, म्हणजे साखर ओली होईल, पण तिला रंग येणार नाही. मग एक-सव्वा मिनिटाने चरचर कमी कमी होत जाते आणि जवळजवळ थांबते. लोक इथे फसतात, त्यांना वाटतं गॅस कमी पडला आणि ते आच वाढवतात. अजिबात वाढवू नका. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं आणि आता तापमान भराभर चढणार आहे. साखरेला रंग यायला साधारण १६०-१७० डिग्री लागतात आणि पाणी संपल्यावर तिथे पोचायला वेळ लागत नाही. स्लाइसच्या कडेला बघा, बारीक बुडबुडे दिसतील, आधी पांढरट, मग पिवळसर, मग कोऱ्या चहाच्या रंगाचे. वासही बदलतो, आधी नुसतं बटर, मग दुधासारखा गोड, मग थोडासा भाजका. त्या भाजक्या वासाच्या पहिल्या झुळकीला उलथणं सपाट घालून एका कोपऱ्याने उचलून बघा. सोनेरी-तपकिरी आणि चकचकीत दिसलं की लगेच काढायचं. अजून पंधरा सेकंद ठेवू म्हटलं की गेलं, सोनेरी आणि कडू यांच्यात खरंच तेवढंच अंतर असतं. आणि स्लाइस तव्यावर सरकवत राहू नका, थर ओरखडला जातो, ठेवला तिथेच राहू द्या. चिकटलाय असं वाटलं तर ओढाताण नको, साखर गरम असते तेव्हा सुटते आणि गार झाली की घट्ट धरते, त्यामुळे आचेवर असतानाच उचलायचा.

ब्रेडला जो खरपूस रंग आणि वास येतो तो वेगळ्या कारणाने, त्यात ब्रेडमधली प्रथिनं आणि साखर यांची एकमेकांशी प्रक्रिया होते, लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली म्हणून तिला त्याचंच नाव आहे. नुसती साखर तापून तपकिरी होणं हा निराळा प्रकार. या टोस्टमध्ये एका बाजूला दोन्ही होतात, म्हणून इतक्या कमी साखरेत एवढा वास सुटतो.

काढलेला टोस्ट जाळीवर ठेवा, साखरेची बाजू वर. ताटात ठेवाल तर खालून वाफ कोंडते आणि लसणाची बाजू सादळते. जाळी नसेल तर दोन चमचे आडवे ठेवून त्यांच्यावर टेकवा, खालून हवा गेली म्हणजे झालं. आणि आता, थर अजून चमकतोय, मऊ आहे, हे दहा-पंधरा सेकंद मिठाचे. चिमटीत मीठ घेऊन हात जरा उंच धरून सोडा, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. उशीर झाला तर थर कडक होतो आणि मीठ चिकटत नाही, घरंगळून खाली पडतं. आधीच घातलं असतं तर ते बटरच्या पाण्यात विरघळून सगळीकडे सारखं पसरलं असतं. आता पाणी उरलेलंच नाही, त्यामुळे दाणा दाणा म्हणून राहतो. दाताखाली आधी काच फुटल्यासारखा आवाज, मग गोड, मग मधूनच एखादा खारट दाणा, आणि जिभेला खालून लसूण-मिरी. जाड मीठ म्हणून सांगितलं होतं ते याच्यासाठी.

मिठाने गोड जास्त गोड लागतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागचं कारण मला फार आवडतं. मीठ कडवटपणा दाबतं, आणि कडवटपणा दबला की त्याच्याखाली झाकलेली गोडी वर येते. १९९७ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी हे प्रयोग करून दाखवलं होतं, कडू आणि गोडाच्या मिश्रणात मिठासारखा सोडियमचा क्षार घातला की कडूपणा कमी होऊन गोडवा वाढलेला जाणवतो. तपकिरी झालेल्या साखरेत थोडा कडवटपणा असतोच, म्हणजे मिठाला इथे करायला काम आहे. साध्या न भाजलेल्या साखरेवर मीठ टाकून बघा, एवढी मजा येत नाही.

दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग खा. थांबणं चवीसाठी आहे तसंच जिभेसाठी पण आहे, वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असते आणि कातडीला चिकटून बसते, पाण्यासारखी ओघळून जात नाही. लहान मुलं मदतीला असतील तर लसूण घासणं, बटर लावणं, मीठ भुरभुरणं हे त्यांना द्या, मीठ टाकताना फक्त टोस्टला बोट लावू देऊ नका, आणि तव्यावरून काढायचं काम मोठ्यांनीच करायचं. थर कडक झाला की नखाने टकटक करून बघा, टक् असा आवाज आला की तयार. कापायचा असेल तर दातेरी सुरीने, लसणाची बाजू वर करून, म्हणजे थर तडकून उडत नाही.

ओव्हनमध्ये करायचा असेल तर १९० डिग्रीला, लसणाची बाजू आधी तयार करून ती खाली, साखर वर, आठ ते दहा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं दारासमोरून हलायचं नाही. पाहुणे असतील आणि आठ-दहा स्लाइस एकदम हवे असतील तर हेच बरं. एअर फ्रायरमध्ये १७५ डिग्रीला पाच-सहा मिनिटं, पण आतल्या पंख्याच्या वाऱ्याने हलका स्लाइस उडतो आणि साखर सगळी बास्केटभर होते, म्हणून स्लाइस जाडच घ्या आणि वरून छोटी स्टीलची जाळी ठेवा. खरं सांगू का, मला तव्यावरचाच आवडतो, खालून दाबून बसल्यामुळे थर सपाट आणि चकचकीत येतो, ओव्हनचा जरा दाणेदार राहतो.

बदल करायचे तर करा. साखरेवर चमचाभर पांढरे तीळ दाबून लावले की छान खमंग लागतात. लसणाऐवजी नुसती मिरी आणि वाळवलेला ओवा-तुळशीसारखा कुठलाही सुका पाला चालतो. चीज घालायचं असेल तर लसणाच्या बाजूला, पण मग टोस्ट काढल्यावर आधी साखरेची बाजू वर ठेवून ती कडक होऊ द्या, मीठही टाकून घ्या, मग उलटा करून चीज किसा, आणि त्याला परत आच देऊ नका, टोस्टच्या उरलेल्या गरमीने जेवढं मऊ होईल तेवढं. साखरेच्या जागी मध घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा, मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि त्याला ११० डिग्रीच्या आसपासच रंग यायला लागतो, म्हणजे साखरेच्या अंदाजाने ठेवलात तर काळा होणार. शिवाय मधाचा थर कुरकुरीत होत नाही, चिवट होतो. म्हणून मध लावायचा तर तवा बंद करून, वरून, धारेने. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही, शिजवलेलासुद्धा नाही.

हा टोस्ट अर्ध्या तासात संपवलेला बरा. साखरेचा थर हवेतला ओलावा ओढून घेतो, पावसाळी दमट हवा असेल तर पंधरा मिनिटांतच बोटांना चिकटायला लागतो. उरलाच तर पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गरम असताना झाकण लावलं तर सकाळी आत सादळलेला ब्रेड मिळेल. दुसऱ्या दिवशी मंद तव्यावर लसणाची बाजू खाली ठेवून दीड-दोन मिनिटं गरम करा, साखरेची बाजू परत तव्याला लावू नका.

तवा घासायला घेऊ नका लगेच. चिकटलेली साखर कितीही काळी दिसली तरी बहुतेक पाण्यात विरघळते. तवा जरा निवू द्या, मग त्यात पेलाभर गरम पाणी घालून दोन मिनिटं उकळा, उलथण्याने हलवा, सगळं सुटून येतं. बिडाचा तवा असेल तर पाणी ओतून टाकल्यावर लगेच पुसून, आचेवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवा.